को फांगन: पाठीवर सॅक, पौर्णिमेची रात्र आणि आपल्या खान्देशातून जाणाऱ्यांसाठी थोडं

मेहरूणची_बोरं (जळगाव)

थायलंड म्हटलं की आपल्याकडे समोरचा माणूस आधी डोळा मारतो आणि मग विचारतो, "कोणाबरोबर?" त्याला कारणही आहे. खत-बियाण्यांच्या कंपन्या कृषी केंद्रवाल्यांना स्कीममध्ये पटायाला फिरवून आणतात, त्या टूरचे किस्से वर्षभर पानटपरीवर चघळले जातात आणि गावाच्या डोक्यात तेवढंच थायलंड बसतं. अशात एखाद्या पोरीने "मी मैत्रिणीबरोबर तिथल्या बेटावर चालले" म्हटलं तर घरात काय होतं ते मी सांगायला नको. मला याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा. पॅकेजवाल्यांसाठी नाही, ज्यांना सॅक पाठीवर टाकून, स्वतःचं तिकीट स्वतः काढून जायचंय त्यांच्यासाठी.

बेटाचं नाव को फांगन. थायलंडच्या आखातात, सुरत थानी प्रांतात, को सामुईच्या उत्तरेला. आकाराने साधारण सव्वाशे चौरस किलोमीटर, मधोमध दाट जंगलाचे डोंगर. सर्वांत उंच डोंगर खाओ रा, सहाशे मीटरच्या वर. थोंग साला हे एकच मोठं गाव. धक्का तिथेच, बाजार तिथेच, बँका आणि दवाखाने बहुतेक तिथेच. बाकी सगळीकडे छोट्या छोट्या किनाऱ्यांवर वस्ती.

जायचं कसं? आपल्याकडून रात्रीच्या गाडीने मुंबई, मुंबईहून विमानाने चार-साडेचार तासांत बँकॉक. पुढे सामुईपर्यंत विमान आहे, पण ते महाग. मी सांगेन की बँकॉकच्या क्रुंग थेप अभिवत स्टेशनवरून सुरत थानीची रात्रीची रेल्वे घ्या. दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरला बर्थ डब्याच्या लांबीला समांतर असतात, रात्री गाडीतला माणूस येऊन गादी घालतो, स्वच्छ चादर अंथरतो, पडदा लावून देतो. सकाळी सुरत थानी, तिथून बसने डोनसाक धक्का, मग फेरीने साधारण अडीच तासांत थोंग साला. बस आणि फेरीचं तिकीट एकत्र मिळतं. वेळ जातो खरा, पण डेकवर उभं राहून ते हिरवे डोंगर समुद्रातून वर येताना बघायचे असतील तर हाच रस्ता.

आता ज्यासाठी जग तिथे जातं ती फुल मून पार्टी. दर पौर्णिमेला बेटाच्या आग्नेय टोकाला, हाद रिनच्या सूर्योदयाकडच्या किनाऱ्यावर. १९८०च्या दशकात थोड्या बॅकपॅकर्सनी बंगल्यांपाशी जमून सुरू केलेला हा प्रकार. आता सीझनला दहा हजारांच्या वर माणसं येतात. कोरोनाच्या काळात बंद होता, २०२२मध्ये पुन्हा सुरू झाला. प्रवेशाला २०० बाथच्या (बाथ म्हणजे थाई चलन) आसपास घेतात आणि मनगटावर पट्टी बांधतात.

अर्धचंद्राच्या त्या किनाऱ्यावर ओळीने बार, आणि प्रत्येकाचं संगीत वेगळं. इथे ट्रान्स, तीस पावलांवर ड्रम अँड बेस, पुढे रेगे, मग सगळ्यांना पाठ असलेली पॉप गाणी. दोन बारच्या मध्ये उभं राहिलात तर दोन्ही ताल एकमेकांवर आदळतात. अंगावर चमकणारे रंग फासलेली माणसं, वाळूत रोवलेल्या टेबलांवर नाचणारे, आणि त्या गर्दीत आग फिरवणारी थाई पोरं. एका पोराला मी बराच वेळ बघत होते. साखळीच्या टोकाला पेटता गोळा, दोन्ही हातांत दोन. कोपर जवळजवळ हलतच नव्हतं, सगळं काम मनगटाचं. गोळा कानाजवळून जाताना तो मान इंचभरच बाजूला घ्यायचा. आणि दर थोड्या वेळाने थांबून पुढे सरकलेल्या दारुड्यांना हाताने मागे सारायचा, शांतपणे.

मी दारू पीत नाही. मला पहाटेपर्यंत कुणी पी म्हणून गळ घातली नाही, कुणी विचारलं नाही, कुणी अंगचटीला आलं नाही. कोलंबियाच्या, इस्रायलच्या, कोरियाच्या अनोळखी पोरींबरोबर हात धरून नाचले. जळगावात गणपतीच्या मिरवणुकीतही मला इतकं मोकळं नाचता आलेलं नाही. हे मला लिहायचंच होतं.

पण धोके आहेत, ते लपवणार नाही. तिथे दारू बादलीत विकतात. बादली म्हणजे खेळण्यातली प्लास्टिकची बादली: त्यात चपटी दारू, कोलाचा डबा, एनर्जी ड्रिंकची छोटी बाटली, बर्फ आणि चार स्ट्रॉ. गोड लागते, म्हणून पोटात किती गेली ते कळत नाही. विकत घ्यायचीच तर आपल्यासमोर बाटली फोडायला लावा, हातातून सोडू नका, अनोळखी माणसाने पुढे केलेल्या बादलीला तोंड लावू नका. पायात बूट हवेतच, वाळूत काचा असतात. आगीच्या दोरीवरून उड्या मारायचा खेळ चालतो, त्यात दर पौर्णिमेला कुणीतरी भाजतं, लांबून बघा. आणि रात्री समुद्रात उतरू नका. दारू पोटात, लाटांची ओढ, अंधार. माणसं बुडालेली आहेत तिथे.

आठवडाभर तरी राहा. पार्टीची रात्र एक, बेट बाकीचे सगळे दिवस. विचारा काय विचारायचं ते.

भुसावळ_जंक्शन

रेल्वेचा भाग वाचून बरं वाटलं. आमच्या घरात तीन पिढ्या रेल्वेत, त्यामुळे पहिला प्रश्न तोच: तिकीट इथून काढता येतं का? आणि व्हिसाचं काय?

मेहरूणची_बोरं

दादा, रेल्वेचं ऑनलाइन निघतं, सुट्ट्यांच्या दिवसांत खालचे बर्थ लवकर संपतात. जुलै २०२४पासून भारतीय पासपोर्टवर ६० दिवस व्हिसाशिवाय राहायची सवलत सुरू झाली, पण हे नियम बदलत राहतात. पैसे भरायच्या आधी दूतावासाची साइट बघाच. १ मे २०२५पासून पोहोचण्याआधी डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, आगमनाच्या तीन दिवस आधीपासून. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणाऱ्या साइट दिसतील, त्या बंद करा. इमिग्रेशनला माणशी २०,००० बाथ जवळ असल्याचं दाखवायला सांगू शकतात, आणि परतीचं तिकीट.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

ताई, भलतं भारी लिखेल शे! आम्हले पण जावानं शे, पाच-सहा दोस्त शेतस. कितला पैसा लागतस ते सांग ना. दिवाळीना सुट्टीमा जावानं ठरायेल शे.

मेहरूणची_बोरं

भाऊ, पैशाचं सांगते, पण आधी दिवाळीचं. नका जाऊ दिवाळीत. ऑक्टोबर ते डिसेंबर आखाताच्या बाजूला ईशान्य मोसमी पाऊस असतो, नोव्हेंबर सगळ्यांत ओला. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात आणि माणूस धक्क्यावर अडकतो. आपल्याकडे "थायलंडचा सीझन नोव्हेंबरपासून" असं एजंट सांगतात ते फुकेत-क्राबीच्या, म्हणजे अंदमान समुद्राच्या बाजूचं खरं आहे. दोन बाजूंचा पाऊस वेगवेगळा. फांगनला जानेवारी ते एप्रिल उत्तम, आणि जून ते ऑगस्टही चांगला, मध्येच एखादी सर येते इतकंच.

खर्च: बाथ धरा पावणेतीन रुपयांच्या आसपास. डॉर्ममधला, म्हणजे हॉस्टेलच्या सामायिक खोलीतला बेड साधारण ३०० ते ६०० बाथ. पौर्णिमेच्या आठवड्यात हाद रिनला भाव चढतात आणि बरीच हॉस्टेलं चार-पाच रात्रींची सक्ती करतात. दोनशे ते चारशे बाथमध्ये दिवसभराचं साधं जेवण होतं. एटीएम दरवेळी २०० बाथच्या वर शुल्क कापतं, म्हणून थोडं थोडं काढू नका.

केळीवाला_रावेर

मी शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बँकॉकला गेलो होतो तेव्हा केळी आणि ब्रेड खाऊन दिवस काढले. बेटावर तर आणखीच पंचाईत असणार.

मेहरूणची_बोरं

उलट आहे काका. बँकॉकपेक्षा फांगनवर सोपं. पश्चिमेकडच्या श्री थानू भागात योगवाल्यांची आणि व्हीगन लोकांची मोठी वस्ती आहे, तिथे पाटीवरच लिहिलेलं असतं. अडचण रस्त्यावरच्या खाण्याच्या गाड्यांवर येते. भाजीतही फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस टाकतात, त्यांना त्यात मांसाहार वाटत नाही. "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही, "जे" म्हणा, "किन जे". त्यात मांस-मासे-अंडं काहीच नसतं, कांदा-लसूणही नसतो. गाडीवर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तसं लिहिलेलं असतं.

थोंग सालाच्या रात्रीच्या बाजारात एक आजी आहेत, त्यांना "नाम प्ला (फिश सॉस) नको" म्हणून हातवारे करून सांगितलं. त्यांनी कढई धुतली, परत तापवली, नवीन पलटा घेतला आणि मग माझे नूडल्स टाकले. शेंगदाण्याचा कूट वरून दोन मुठी. मी सोबत नेलेला ठेचा त्यांना चाखायला दिला, तर त्यांनी तिथल्या तिथे मिरची कोणती ते ओळखायचा प्रयत्न सुरू केला.

बिबडे-पापड नेऊ नका, भाजायला जागा नाही. शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा न्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, चेक-इन बॅगेत.

धुळेकर_अप्पा

लेख चांगला आहे, पण मला पटलं नाही ते लिहितो. आपल्या पोरांना रात्रभर नाचायला परदेशी बेट कशाला? आपल्याकडे तोरणमाळ आहे, लळिंगचा किल्ला आहे, ते कुणी बघत नाही. पुन्हा ड्रग्जचं वाचतो पेपरात. आईबापांनी काय विश्वासावर सोडायचं?

मेहरूणची_बोरं

अप्पा, तुमच्या प्रश्नाला मान आहे. तोरणमाळ मलाही प्रिय आहे, पावसाळ्यात जाते. एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

ड्रग्जबद्दल स्पष्ट लिहिते. थायलंडमध्ये कायदा फार कडक आहे. पार्टीच्या रात्री साध्या कपड्यातले पोलीस असतात, बान ताई गाव ते हाद रिनच्या रस्त्यावर नाकाबंदी असते. गांजाचे नियम २०२२मध्ये सैल झाले होते, पण जून २०२५मध्ये पुन्हा आवळले, आता डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही. "तिथे सगळं चालतं" म्हणणाऱ्या मित्राचं ऐकून कुणी अडकू नये. मश्रूम शेक म्हणून जे विकतात ते बेकायदा. ई-सिगारेटसुद्धा बेकायदा आहे, बॅगेतून नेऊ नका. दारूची वयोमर्यादा २० वर्षे.

आणि विश्वासाचं म्हणाल तर, ज्या पोरीला सगळं आधी सांगून पाठवलंय ती अडचणीत घरी फोन करते. जिला भांडून, खोटं सांगून जावं लागलं ती करत नाही. मला हे अगदी मनापासून वाटतं.

सातपुड्याची_लेक (चोपडा)

अप्पांना उत्तर वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी नर्स आहे, नाशिकला. पुढच्या वर्षी एकटीने जायचं मनात आहे. रात्री हाद रिनहून मुक्कामी परत कसं जायचं, हाच एक प्रश्न आहे.

मेहरूणची_बोरं

ताई, हाद रिनलाच राहायचं नसेल तर बान ताई किंवा थोंग सालाला राहा. पार्टीच्या रात्री सोंगथाव पहाटेपर्यंत चालू असतात. सोंगथाव म्हणजे आपली चोपडा-यावल रोडवरची काळीपिवळी, फक्त मागे दोन समोरासमोर बाकं; भरली की निघते. पार्टीच्या रात्री माणशी दीडशे-दोनशे बाथ घेतात. बसायच्या आधी भाव ठरवा, गावाचं नाव दोनदा सांगा.

एकटी असशील तर हॉस्टेलमधून सगळे मिळून निघतात त्यांच्याबरोबर जा. एक खूण ठरवा, अमुक बारच्या पाटीखाली अमुक वाजता, फोन लागो न लागो. फोन कमरेच्या छोट्या पाऊचमध्ये, पासपोर्ट हॉस्टेलच्या लॉकरमध्ये, जवळ फक्त त्याचा फोटो. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, रुग्णवाहिका १६६९.

डॉ_पांझरा

वैद्यकीय बाजूने दोन गोष्टी. आखातात बॉक्स जेलीफिश असतो. प्रमाण कमी, पण दंश जीवघेणा ठरू शकतो आणि फांगनवर मृत्यू झालेले आहेत. म्हणून बऱ्याच किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या लावलेले खांब दिसतील. दंश झाला तर जागा चोळू नका, गोडं पाणी टाकू नका, निदान अर्धं मिनिट व्हिनेगर ओता आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. पोहताना अंगभर स्विमसूट घातला तर बराच बचाव होतो.

दुसरं, स्कूटर. प्रवास विमा काढा, आणि त्यातली दुचाकीची आणि दारूची अट वाचा. परवान्याशिवाय किंवा पिऊन चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि हाड मोडल्यावर सामुई किंवा बँकॉकला हलवायचा खर्च लाखांत जातो.

भुसावळ_जंक्शन

परवान्याचं इथे काय करायचं डॉक्टर?

डॉ_पांझरा

आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढायचं. आपल्या मूळ लायसनवर गिअरच्या मोटरसायकलचा शेरा असला पाहिजे. पासपोर्ट, लायसन आणि हजार रुपये फी. एक वर्ष चालतं.

मेहरूणची_बोरं

डॉक्टरांशी पूर्ण सहमत. त्यात भर: स्कूटर भाड्याने देणारे पासपोर्ट ठेवून घ्यायला मागतात. देऊ नका. रोख अनामत द्या, नाही मानला तर दुसऱ्या दुकानात जा. गाडी ताब्यात घेण्याआधी चारही बाजूंनी, खालूनसुद्धा व्हिडिओ काढा, जुन्या ओरखड्यांचे पैसे मागण्याचे प्रकार सर्रास चालतात. आणि बान ताई ते हाद रिनचा चढ-उतार फार तीव्र आहे, पार्टीच्या रात्री त्या रस्त्यावर स्वतः गाडी नकोच. थोंग सालाच्या दवाखान्याबाहेर गुडघ्याला, कोपराला पट्ट्या बांधलेली पोरं रोज दिसतात.

गिरणाकाठ

ताई, दिवाळी कॅन्सल. जानेवारीना विचार चालू शे. पौर्णिमा कालनिर्णयमा देखीसन तिकीट काढू का?

मेहरूणची_बोरं

बघून ठेवा, पण पक्कं करताना पार्टीची जाहीर झालेली तारीख तपासा. माघ पूजा, विशाख पूजा, आषाढ पूजा हे त्यांचे बौद्ध सण पौर्णिमेलाच येतात. त्या दिवशी पार्टी होत नाही, एक दिवस पुढेमागे जाते. अधिक महिन्याच्या वर्षी त्यांची बुद्धपौर्णिमा आणि आपली वेगवेगळ्या महिन्यांत पडू शकते.

पौर्णिमा हुकली तरी हरकत नाही. बान ताईच्या जंगलात हाफ मून पार्टी, किनाऱ्यावर ब्लॅक मून म्हणजे अमावास्येची पार्टी, असं महिनाभर काही ना काही असतं. खरं सांगायचं तर जंगलातली पार्टी मला जास्त भावली. झाडांना रंगीत उजेड, जमीन मातीची, गर्दी कमी, आणि माणसं नाचायलाच आलेली.

केळीवाला_रावेर

रात्रीचं झालं. आमच्यासारख्यांनी दिवसा काय करायचं?

मेहरूणची_बोरं

काका, दिवसाचंच तर खरं बेट. वायव्येला माए हाद, तिथून को मा नावाच्या छोट्या बेटापर्यंत वाळूची वाट जाते, ओहोटीला चालत जाता येतं, आणि बाजूला प्रवाळ, मासे. स्नॉर्कलिंगसाठी फांगनवर याहून सोपी जागा नाही.

पूर्वेला थान सदेत धबधबा. राजा चुलालोंगकोर्न, म्हणजे पाचवा राम, त्याला ही जागा इतकी आवडायची की तो परत परत यायचा. त्याची आद्याक्षरं तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत. पुढच्या राजांनीही आपापली कोरली. आता तो भाग राष्ट्रीय उद्यानात आहे. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी फार कमी होतं, मार्चनंतर जाणार असाल तर धबधब्याची आशा ठेवू नका.

उत्तरेला बॉटल बीच. चालोकलुमहून होडीने जाता येतं, पण चालायची सवय असेल तर जंगलातून पायवाट आहे. वाट चुकू नये म्हणून झाडांना रिकाम्या बाटल्या अडकवलेल्या असतात. दोन लिटर पाणी न्या, सकाळी लवकर निघा. सातपुड्यात हिंडणाऱ्याला ही वाट जड जाणार नाही.

वेळ हाताशी असेल तर शेजारचं को ताओ. डायव्हिंग शिकायला जगभरातून माणसं तिथे जातात, फांगनहून होडीने तासाभराच्या आसपास.

धुळेकर_अप्पा

राजाची अक्षरं आणि धबधबा हे आवडलं. पोरगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, ती मागेच लागली आहे. दोघी-तिघी मैत्रिणी मिळून जात असतील तर पाठवावं का? सरळ उत्तर द्या.

मेहरूणची_बोरं

पाठवा अप्पा. तीन अटी घाला. प्रवास विमा घरातून निघायच्या आधी काढलेला. स्कूटर नाही, सोंगथावच. आणि पार्टीच्या रात्री तिघी एकत्र निघतील, एकत्र परततील, पोहोचल्यावर एक मेसेज. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, म्हणजे त्यांची पहाटेची साडेचार म्हणजे तुमची रात्रीची तीन. तेव्हा मेसेजची वाट बघत जागू नका, सकाळी उठल्यावर बघा.

सातपुड्याची_लेक

अप्पा, तारीख ठरली की मला इथेच कळवा. मी त्याच पौर्णिमेला जाईन, बान ताईला एकाच हॉस्टेलमध्ये राहू. चौथी मी.

धुळेकर_अप्पा

तिला धागा वाचायला दिला आहे. फेब्रुवारीत तिची परीक्षा नाही असं म्हणते. माघातली पौर्णिमा आणि पार्टीची तारीख जुळते का बघून सांगतो.

मेहरूणची_बोरं

फेब्रुवारी असेल तर आत्ताच बेड अडवा, रद्द केल्यावर पैसे परत मिळतील असाच पर्याय निवडून. आणि मुंबईचं रेल्वे रिझर्वेशन विमानाच्या आदल्या रात्रीचं काढू नका, एक दिवस आधी पोहोचा.